ब्लॉगचा हिशेब शेवटाकडून मांडावा

व्यवसायाचा ब्लॉग सुरू करताना बहुतेक ठिकाणी सगळ्यात आधी ठरतं ते आठवड्याला किती लेख टाकायचे हे. दोन टाकू, असं कुणीतरी म्हणतं आणि सगळे माना डोलावतात. विषयांची यादी होते, कुणी लिहायचं ते ठरतं, पहिले दोन महिने उत्साहात जातात. मग कामाचा रेटा वाढतो, लेख मागे पडू लागतात आणि सहा-आठ महिन्यांनी प्रश्न येतो, यातून हाती काय लागलं? उत्तर कुणाकडेच नसतं, कारण हाती काय लागायला हवं होतं हे कधी ठरलंच नव्हतं. मनापासून लिहिलेले, खरी माहिती देणारे कितीतरी ब्लॉग याच प्रश्नापाशी येऊन थांबतात, आणि त्याची हळहळ वाटते.

"महिन्याला आठ लेख" हे वेळापत्रक झालं. "ब्रँडची ओळख वाढवणे" ही इच्छा झाली. उद्दिष्ट ठरलंय की नाही हे ओळखायची साधी कसोटी अशी, की ते समोर ठेवल्यावर विषयांच्या यादीतले काही विषय खोडता आले पाहिजेत. एकही विषय खोडला जात नसेल, तर उद्दिष्ट अजून ठरलेलं नाही असं खुशाल समजावं. यादीतलं सगळंच उपयोगाचं वाटत असेल, तर त्यातलं नेमकं काय कुणाच्या उपयोगाचं, हे अजून कुणी विचारलेलं नसतं.

व्यवसायासाठी ब्लॉग करू शकेल अशी कामं तशी मोजकीच आहेत. नव्या ग्राहकांच्या चौकश्या आणणं हे सगळ्यांना आधी सुचतं. पण जिथे बोलणी आधीच चालू आहेत तिथल्या शंका मिटवणं, म्हणजे विक्रीच्या माणसाने फोन ठेवल्याबरोबर पाठवावा असा लेख तयार असणं, हेही तितकंच मोठं काम आहे. त्याला ट्रॅफिक, म्हणजे वाचकांची वर्दळ, जवळपास लागतच नाही. असा लेख महिन्याला तीसच जणांनी वाचला, पण त्यातले दहा जण सही करायच्या बेतात असतील, तर तो लेख सोन्यासारखा आहे. मदतकक्षाला येणारे तेच ते फोन कमी करणं हे आणखी एक काम. चांगली माणसं नोकरीसाठी अर्ज करतील असं वातावरण तयार करणं हेही एक. यातलं एका वेळी एकच काम मुख्य धरावं. दुसरं हवंच असेल तर त्याचे लेख वेगळे आणि आकडाही वेगळा ठेवावा. सगळं एकत्र कालवलं की महिन्याच्या शेवटी "एकूण व्हिजिट्स" नावाचा एकच ढोबळ आकडा उरतो, आणि त्यातून कुठलंच काम झालं की नाही ते कळत नाही.

मुख्य काम ठरलं की हिशेब उलटा, शेवटाकडून मांडायचा. समजा, कारखान्यांमधले वजनकाटे दुरुस्त करून त्यांचं कॅलिब्रेशन, म्हणजे काटा बरोबर वजन दाखवतो ना याची प्रमाणित वजनांशी पडताळणी, करून देणारी एक छोटी कंपनी आहे. तिला तिमाहीत वार्षिक देखभालीचे ६ नवे करार ब्लॉगमार्फत हवे आहेत. तिच्या जुन्या नोंदींनुसार ४ चौकश्यांमागे १ करार होतो. म्हणजे तिमाहीला २४ चौकश्या, महिन्याला ८. योग्य विषयाच्या लेखावर आलेल्या १०० व्हिजिट्समधून साधारण १ चौकशी येत असेल, तर महिन्याला ८०० व्हिजिट्स लागतील. आज ब्लॉगवर २० लेख आहेत आणि त्यांच्या मिळून ५०० व्हिजिट्स होतात. तूट ३००ची. हे दर उदाहरणापुरते आहेत. प्रत्येकाने आपल्याच नोंदींतून काढावेत, आणि नोंदी नसतील तर पहिले तीन महिने फक्त मोजण्यात घालवावेत. दुसऱ्या कुणाच्या अहवालातला सरासरी दर उचलून इथे बसवला, तर पुढचा सगळा हिशेब हवेत उभा राहतो.

आता ३०० व्हिजिट्स भरून काढायला किती लेख लागतील? इथे पहिली मोठी चूक होते. ५०० भागिले २०, म्हणजे लेखामागे २५, म्हणून १२ लेख हवेत, असं गणित केलं जातं. पण ब्लॉगवरच्या व्हिजिट्स लेखांवर कधीच सारख्या वाटलेल्या नसतात. त्या २०पैकी ४ लेख ३५० व्हिजिट्स आणत असतात आणि उरलेले १६ मिळून दीडशे. सरासरीने नवा लेख मोजला तर दोन्हीकडून फसगत होते. म्हणून आधी त्या चार लेखांकडे नीट पाहायचं. त्यांच्यात काय समान आहे? बहुधा असं दिसतं, की ते चारही एखाद्या माणसाच्या समोर त्या क्षणी उभ्या राहिलेल्या अडचणीबद्दल आहेत. तशाच जातीचा नवा लेख स्थिरावल्यावर महिन्याला ४० व्हिजिट्स आणेल असं सावधपणे धरलं, तर ८ लेख लागतील.

मग तास मोजायचे. दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञाशी बोलायला दोन तास, लिहायला पाच, फोटो काढून तंत्रज्ञाकडून तपासून घ्यायला दोन, आणि साइटवर चढवायला एक. लेखामागे १० तास, आठ लेखांचे ८०. तिमाहीचे १३ आठवडे धरले तर आठवड्याला सहा तासांच्या वर. हे सहा तास खरोखर कुणाच्या कॅलेंडरवर बसत नसतील, तर सहा करारांचा आकडा आजच खाली आणावा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? लिहिणारा फावल्या वेळात लिहील असं गृहीत धरून ठरवलेलं उद्दिष्ट पहिल्याच गर्दीच्या आठवड्यात मोडतं. त्यात सगळ्यात आधी कापले जातात ते तंत्रज्ञाशी बोलायचे दोन तास, म्हणजे ज्यांच्यामुळे लेख वाचण्यालायक होतो तेच.

आणि वेळेचा आणखी एक पदर आहे. सर्चमधून वाचक येण्यावर मदार असेल, तर आज टाकलेला लेख आज फळ देत नाही. गूगलच्या माएली ओहाये यांनी २०१७ साली व्यवसायांना सांगितलं होतं, की सर्चसाठी केलेल्या सुधारणांचा फायदा दिसायला बहुतेक वेळा चार महिने ते एक वर्ष लागतं. मग जानेवारीत लिहायला घेतलेल्या लेखांकडून मार्चमध्ये सहा करार मागणं हा त्या लेखांवर अन्याय आहे. या तिमाहीचं उद्दिष्ट "८ लेख, आठही तंत्रज्ञाने तपासलेले, जुने ४ चांगले लेख दुरुस्त केलेले" असं असावं, आणि करारांचं उद्दिष्ट दोन तिमाह्या पुढे टाकावं. पहिला भाग आपल्या हातात आहे, दुसरा नाही. दोन्ही लिहून ठेवावेत, पण लिहिणाऱ्याला जाब विचारायचा तो पहिल्याबद्दलच. हातात नसलेल्या आकड्यासाठी माणसाला दर सोमवारी धारेवर धरलं, तर तो आकडा वाढवायच्या सोप्या वाटा शोधू लागतो, आणि त्या वाटा व्यवसायाच्या कामाच्या नसतात.

ती सोपी वाट जरा जवळून पाहण्यासारखी आहे. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या बदलली. पॅरिसजवळ जपून ठेवलेल्या धातूच्या वजनाऐवजी प्लांकचा स्थिरांक या भौतिकशास्त्रातल्या कायम न बदलणाऱ्या संख्येवरून किलोग्रॅम ठरू लागला. वजनकाट्यांच्या कंपनीला या विषयावर लिहावंसं वाटणं अगदी साहजिक आहे. विषय सुंदर आहे, कंपनीच्या व्यवसायाला लागूनच आहे, आणि असा लेख चांगला झाला तर महिन्याला हजार वाचकही आणेल. पण येणार कोण? परीक्षेची तयारी करणारे विद्यार्थी, कुतूहल असलेले वाचक, शिक्षक. त्यांच्याकडे कॅलिब्रेशन करून घ्यायचा काटा नाही. त्याच ब्लॉगवर "वजनकाटा तीच वस्तू दर वेळी वेगळी का दाखवतो" हा दुसरा लेख आहे. तो वाचायला साठ माणसं येतात, पण ती गुणवत्ता विभागात बसलेली, समोर काटा ठेवून वैतागलेली माणसं असतात. लेख त्यांना सांगतो, की आधी पातळीचा बुडबुडा मधोमध आहे का पाहा, काटा चालू करून पुरेसा वेळ गरम झालाय का, वरून पंख्याचा वारा येतोय का. मग एकच वजन मधोमध आणि चारही कोपऱ्यांवर ठेवून पाच आकडे लिहून काढा. कोपऱ्यांवरचे आकडे एकमेकांपासून लांब असतील तर दोष बहुधा काट्यातच आहे आणि जागा बदलून तो जाणार नाही.

एकूण व्हिजिट्स हेच उद्दिष्ट असेल तर किलोग्रॅमचा लेख जिंकतो आणि पुढच्या महिन्यात तसेच आणखी तीन लिहिले जातात. चौकश्या हे उद्दिष्ट असेल तर साठ वाचकांचा लेख जिंकतो. लिहिणारी माणसं तीच, मेहनतही तितकीच, आणि वर्षाअखेरीला दोन अगदी वेगळे ब्लॉग तयार झालेले असतात. अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलनविषयक धोरणाबद्दल लिहिताना हेच दाखवून दिलं होतं: एखाद्या मोजमापाचा वापर नियंत्रणासाठी सुरू झाला, की त्याचा भरवसा ढासळू लागतो. म्हणून मुख्य आकड्याच्या शेजारी एक राखणदार आकडा ठेवावा. चौकश्या मोजत असाल तर त्यातल्या किती कामाच्या निघाल्या तेही मोजा, नाहीतर फॉर्मवर "मोफत" हा शब्द मोठा करून कुणीही चौकश्या दुप्पट करून दाखवील.

काट्याच्या त्या लेखाच्या शेवटी वाचकाला काय करायला सांगायचं, हाही उद्दिष्टाचाच भाग आहे, आणि तो हमखास राहून जातो. प्रत्येक लेखाखाली तेच ते "आमच्या न्यूजलेटरचं सदस्य व्हा" असं बटण लावलेलं असतं. ज्याच्यासमोर काटा चुकीचं वजन दाखवतोय त्याला न्यूजलेटर नको आहे. त्याला सांगावं, "काट्याचं मॉडेल, क्षमता आणि तुम्ही घेतलेले पाच आकडे पाठवा, काटा जागेवर दुरुस्त होईल की उचलून आणावा लागेल ते आम्ही कळवतो." फॉर्मला तेवढेच रकाने, आणि एक फोन नंबर. कंपनीतल्या माणसांची संख्या, पद, उद्योगाचा प्रकार हे सगळं नंतर फोनवर विचारता येतं. वाचक लेख वाचून जिथे पोहोचलाय तिथून पुढचंच पाऊल मागावं. दहा पावलं पुढचं मागितलं की तो पान बंद करतो.

मोजायच्या साधनांची जुळणी पहिल्याच दिवशी करून घ्यावी, कारण काही गोष्टी नंतर मागे जाऊन मिळत नाहीत. साइटवरच्या व्हिजिट्स मोजणाऱ्या गूगल ॲनालिटिक्सच्या सध्याच्या आवृत्तीत, म्हणजे जीए४मध्ये, स्वतः मांडायच्या सविस्तर अहवालांसाठीचा डेटा सुरुवातीला दोनच महिने राखला जातो. सेटिंगमध्ये तो १४ महिने करता येतो, पण मधे पुसला गेलेला परत येत नाही. गूगल सर्चमध्ये आपली पानं कशी दिसतात ते दाखवणारं सर्च कन्सोल १६ महिन्यांचा डेटा देतं. म्हणजे दोन वर्षांपूर्वीच्या याच महिन्याशी तुलना करायची असेल तर दर महिन्याला आकडे उतरवून आपल्या शीटमध्ये ठेवणं आलंच. कार्यालयातल्या लोकांच्या स्वतःच्या व्हिजिट्स गाळून टाकाव्यात. छोट्या ब्लॉगवर त्यांचाच भरणा मोठा असतो. जीए४मधला "एंगेज्ड सेशन" हा शब्द ऐकायला भारदस्त आहे, पण भेट १० सेकंदांहून जास्त टिकली, किंवा दोन पानं पाहिली गेली, किंवा आपण ठरवलेली महत्त्वाची कृती घडली, यातलं काहीही एक झालं की ती त्यात मोजली जाते. दीड हजार शब्दांच्या लेखापुढे दहा सेकंद म्हणजे शीर्षक आणि पहिला परिच्छेद. यावरून लेख वाचला गेला असं म्हणू नये.

न्यूजलेटर उघडण्याचा दरही आता उद्दिष्ट म्हणून घेऊ नये. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने आपल्या मेलमध्ये गोपनीयतेची सोय आणली. ती चालू असेल तर ईमेलमधली चित्रं आधीच उतरवून घेतली जातात, त्यामुळे न उघडलेलं पत्रही उघडल्यासारखं दिसतं. क्लिक किंवा उत्तरं मोजावीत. सर्चमधले इंप्रेशन्स, म्हणजे निकालांत आपलं पान किती वेळा दिसलं तो आकडा, हेही असेच जपून वापरावेत. निकालांच्या पानावरच उत्तर मिळू लागल्यापासून इंप्रेशन्स वाढत असताना क्लिक घटताहेत असं चित्र दिसू शकतं. अशा वेळी व्याख्या सांगणारे लेख आधी मार खातात. आपला अनुभव, आपले फोटो, आपण घेतलेली मापं असलेला लेख त्या मानाने तग धरतो.

आणि तरीही कुठल्याच साधनात न दिसणारा एक रस्ता उरतो. कुणीतरी लेखाचा दुवा व्हॉट्सॲपवर पुढे पाठवतं, तिथून आलेला वाचक ॲनालिटिक्समध्ये बहुतेकदा "डायरेक्ट", म्हणजे कुठून आला ते न कळलेला, म्हणून दिसतो. कुणी कार्यालयात लेख वाचतो आणि महिन्याभराने घरून कंपनीचं नाव टाकून फोन करतो. आपण स्वतः जे दुवे ईमेलमधून किंवा सोशल मीडियावर पाठवतो त्यांना यूटीएम टॅग, म्हणजे वाचक कुठून आला ते सांगणाऱ्या दुव्याच्या शेवटी जोडायच्या खुणा, लावावेत, पण आपल्याच साइटवरच्या एका पानावरून दुसऱ्या पानाला जोडणाऱ्या दुव्यांना लावू नयेत. वाचक मुळात कुठून आला त्याची नोंद त्यामुळे बिघडते. बाकीचं विचारूनच कळतं. फॉर्ममध्ये "आमच्याबद्दल कुठे कळलं?" असा मोकळा रकाना ठेवावा, पर्यायांची यादी नको, कारण यादी दिली की लोक पहिला पर्याय निवडून मोकळे होतात. फोन घेणाऱ्यानेही हाच प्रश्न विचारून उत्तर त्याच शब्दांत लिहून ठेवावं. "तुमचा तो कोपऱ्यांवर वजन ठेवायचा लेख वाचला होता," हे एक वाक्य कुठल्याही आलेखापेक्षा जास्त सांगून जातं.

आकडे हातात आले की ते वाचायची घाई होते. महिन्याला ८ चौकश्यांची अपेक्षा आहे आणि या महिन्यात ५च आल्या, म्हणून लगेच बैठक बोलावली जाते. पुढच्या महिन्यात ११ येतात आणि बैठकीत ठरलेल्या उपायाला श्रेय मिळतं. खरं तर दोन्ही महिन्यांत काहीच बदललेलं नसू शकतं. एकमेकांशी संबंध नसलेल्या अशा घटना मोजताना एक ढोबळ नियम कामी येतो: अपेक्षित आकड्याचं वर्गमूळ काढा, त्याची दुप्पट करा, तेवढा चढउतार नुसत्या योगायोगानेही होऊ शकतो. ८चं वर्गमूळ सुमारे २.८. म्हणजे २ किंवा ३ पासून १३ पर्यंत काहीही आलं तरी त्यातून ठाम निष्कर्ष निघत नाही. तिमाहीच्या २४वर हाच नियम लावला तर पल्ला १४ ते ३४ असा येतो. तोही रुंदच, पण प्रमाणात खूप अरुंद. छोट्या व्यवसायाने चौकश्यांचा निकाल महिन्यावर लावू नये, तिमाहीवर लावावा, तो यासाठी. आठवड्याच्या बैठकीत फक्त कामाची चौकशी व्हावी: कुठला लेख कुणापाशी अडलाय, तंत्रज्ञाची वेळ मिळाली का. मंदी-तेजीचे महिने असणाऱ्या धंद्यात तुलना मागच्या महिन्याशी नको, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी हवी.

हे सगळं शेवटी एका वाक्यात बसलं पाहिजे. वजनकाट्यांच्या कंपनीचं वाक्य असं होईल: "कारखान्यांच्या गुणवत्ता विभागातल्या लोकांकडून काट्याच्या बिघाडाबद्दल येणाऱ्या चौकश्या सध्याच्या दरमहा ५वरून जुलै-सप्टेंबरच्या तिमाहीत दरमहा सरासरी ८वर नेणे; लेखांची जबाबदारी अमुक व्यक्तीची, तपासणीची अमुक तंत्रज्ञाची." वाचक कोण, त्याने काय करायचं, आज आकडा किती आहे, किती हवा, कधीपर्यंत आणि कुणी. व्यवस्थापन सल्लागार जॉर्ज डोरन यांनी १९८१ साली स्मार्ट (SMART, पाच अटींच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून) उद्दिष्टांची कल्पना मांडली तेव्हा काम नेमकं कोण करणार हे ठरलेलं असणं ही तिच्यातल्या पाच अटींपैकी एक होती. पुढे प्रचारात आलेल्या बऱ्याच आवृत्त्यांत ती अट गळून तिथे "साध्य होण्याजोगं" आलं. ब्लॉगच्या बाबतीत गळलेली अटच सगळ्यात महत्त्वाची ठरते. "मार्केटिंग टीम" असं लिहिलेलं उद्दिष्ट कुणाचंच नसतं. आणि तपासणाऱ्या तंत्रज्ञाचं नाव लिहिलं नाही, तर लेख त्याच्या इनबॉक्समध्ये तीन आठवडे पडून राहतो, कारण त्याच्या कामाच्या यादीत ते कुठे नसतंच.

त्याच कागदावर थांबायची अटही लिहून ठेवावी, तीही डोकं थंड असताना. उदाहरणार्थ, चार तिमाह्यांत ठरलेले ८० टक्के लेख प्रसिद्ध होऊनही चौकश्या सुरुवातीच्या आकड्यावरच असतील, तर नवे लेख थांबवून जुन्यांची तपासणी करायची. आधी लेख ठरलेल्या वाचकाच्या अडचणीवरचे होते का ते पाहायचं, मग ते सापडत होते का, आणि सापडूनही वाचक काही न विचारता परत जात होता का. तिन्हींची औषधं वेगळी आहेत. सापडतच नसतील तर बऱ्याचदा एकाच अडचणीवरचे दोन-तीन लेख एकमेकांच्या वाटेत आलेले असतात; त्यातला सगळ्यात भरीव लेख ठेवून बाकीच्यांतला चांगला मजकूर त्यात घ्यावा आणि बाकीच्या लेखांचे जुने वेब-पत्ते त्याच्याकडे वळवावेत. वाचक येऊन परत जात असेल तर लेखाला हात लावण्याआधी फॉर्म आणि शेवटची मागणी बदलून पाहावी. ते दोन तासांचं काम आहे, नवा लेख दहा तासांचा.

उद्दिष्ट ठरल्यापेक्षा आधी गाठलं गेलं तर आकडा लगेच वाढवायचा मोह होतो. त्याआधी चौकश्या जिथे जाऊन पडतात त्या टेबलाकडे पाहावं. कॅलिब्रेशनला जाणारे तंत्रज्ञ दोनच असतील आणि महिन्याच्या ८ऐवजी १४ चौकश्या येऊ लागल्या असतील, तर उत्तरं तिसऱ्या-चौथ्या दिवशी जाऊ लागतात. बंद पडलेल्या काट्यासमोर उभा असलेला माणूस तोवर दुसरीकडे फोन करून मोकळा झालेला असतो. अशा तिमाहीत लेखांचा वेग आहे तोच ठेवावा आणि मुख्य आकडा म्हणून चौकशीला पहिलं उत्तर किती तासांत जातं, ते मोजायला घ्यावं.